सेवाग्रामची जुनी छायाचित्रे आणि माणसांचा वर्ण

कृष्णधवल छायाचित्राला संगणकावर रंग देताना झाडाचा, भिंतीचा किंवा लुगड्याचा रंग थोडा चुकला तरी सहसा खपून जातो. निळ्या लुगड्याच्या जागी जांभळे दाखवले, तरी तसेही लुगडे असू शकते, म्हणून पाहणाऱ्याला काही खटकत नाही. त्वचेला ही मोकळीक नाही. माणूस तान्हेपणापासून चेहरे न्याहाळत आलेला असतो. ताप, राग, अशक्तपणा, उन्हाचा तडाखा हे सारे तो वर्णातल्या बारीक फरकांवरून ओळखतो. लाली जराशी वाढली की चेहऱ्याला रंग फासल्यासारखा दिसतो, जराशी कमी पडली की त्यातला जीव जातो. भारतीय चेहऱ्यांच्या बाबतीत यात आणखी एका अडचणीची भर पडते. रंग देणाऱ्याच्या हातून, कळत-नकळत, सावळा माणूस उजळ होतो. ज्याची आठवण जपायची, तोच माणूस अशा वेळी बदलून जातो.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. गांधीजी आधी वर्ध्याला मगनवाडीत राहायला आले आणि 30 एप्रिल 1936 रोजी जवळच्या शेगाव या खेड्यात गेले. 1940 मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. 1946 पर्यंतच्या दशकात या खेड्याची जितकी छायाचित्रे निघाली, तितकी त्या काळात देशातल्या दुसऱ्या क्वचितच एखाद्या खेड्याची निघाली असतील. ती जवळजवळ सारी कृष्णधवलच आहेत. गांधीजींचे नातेवाईक कनु गांधी (1917–1986) आश्रमात राहून काम करत आणि छायाचित्रे घेत. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्ला यांनी त्यांना 100 रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, गांधीजी छायाचित्रासाठी म्हणून कधी बसणार नाहीत, आणि या छंदाचा खर्च आश्रम करणार नाही.

या अटी नैतिक होत्या, पण त्यांचा परिणाम थेट छायाचित्रांतल्या त्वचेवर झाला आहे. फ्लॅश नसल्याने प्रत्येक चेहऱ्यावर पडलेला उजेड खराखुरा वर्ध्याचा आहे: अंगणातले ऊन, ओसरीतली सावली, कुटीच्या दारातून तिरपा आलेला प्रकाश. कोणी बसून राहिलेले नसल्याने चेहरे अर्धवट वळलेले, कधी हललेले, कधी पूर्ण अंधारात गेलेले आहेत. स्टुडिओतल्या छायाचित्रापेक्षा अशा छायाचित्राला रंग देणे अवघड असते, आणि ते नीट जमले तर कितीतरी अधिक सच्चे दिसते.

त्वचेला स्वतःचा असा एक रंग नसतो, येथूनच सुरुवात करावी लागते. प्रकाशाचा थोडासा भाग त्वचेच्या पृष्ठभागावरूनच परततो. उरलेला आत शिरतो, आतल्या थरांत विखुरतो आणि काही अंशी पुन्हा बाहेर येतो. आत जाताना आणि बाहेर येताना त्याला दोन मुख्य रंगद्रव्ये भेटतात. वरच्या थरातले मेलॅनिन सर्वच रंगांचा प्रकाश शोषते, पण निळा सर्वाधिक आणि लाल सर्वांत कमी. त्याखालच्या थरातल्या रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जोरात शोषते. बाहेर येणाऱ्या प्रकाशात म्हणून लाल सर्वांत जास्त, हिरवा त्याहून कमी आणि निळा सर्वांत कमी असतो. काळ्याभोर माणसापासून लख्ख गोऱ्या माणसापर्यंत, साध्या पांढऱ्या उजेडात हा क्रम बदलत नाही. अंधारात तळहाताआड टॉर्च धरला की बोटांच्या कडा लाल दिसतात, त्याचेही कारण हेच. चेहऱ्यावर जिथे ऊन संपून सावली सुरू होते, त्या सीमेवरही आतून फिरून आलेला हा प्रकाश दिसतो. तिथला पट्टा थोडा अधिक तांबूस असतो. रंग देणारे बहुतेक जण हा पट्टा विसरतात आणि सावलीत सरळ करडा किंवा काळपट रंग भरतात. चेहरा मातीचा वाटू लागतो तो इथेच.

रंग मोजण्याच्या लॅब नावाच्या पद्धतीत प्रत्येक रंगाचे तीन आकडे असतात. एल म्हणजे उजळपणा, 0 ते 100. ए हा आकडा हिरव्याकडून लालाकडे जातो, बी निळ्याकडून पिवळ्याकडे. गव्हाळ त्वचेचा एक नमुना घेतला, संगणकाच्या भाषेत लाल 198, हिरवा 150, निळा 115, तर त्याचे लॅब आकडे साधारण एल 66, ए 13, बी 25 येतात. सावळ्या त्वचेचा नमुना, लाल 141, हिरवा 96, निळा 68, घेतला तर एल 45, ए 15, बी 23. ए आणि बी जवळपास तेच राहिले. मोठा फरक पडला तो उजळपणात. त्वचाशास्त्रात वर्णाचे वर्गीकरण करण्यासाठी उजळपणा आणि पिवळेपणा यांवरून जो आयटीए नावाचा कोन काढतात, तो पहिल्या नमुन्यात सुमारे 32 अंश आणि दुसऱ्यात उणे 12 अंश येतो. पहिला मध्यम वर्णाच्या गटात पडतो, दुसरा तपकिरी गटात. हे दोन नमुने कोणा विशिष्ट माणसाचे नाहीत. सुरुवात कुठून करावी एवढेच ते सांगतात. फार गडद त्वचेत ए आणि बी हे दोन्ही आकडे घटत जातात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

या आकड्यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. गव्हाळ आणि सावळ्या वर्णांतला मुख्य फरक उजळपणाचा असेल, तर तो कृष्णधवल छायाचित्रात आधीच नोंदलेला आहे. छायाचित्राला रंगछटा माहीत नसते, पण माणूस शेजाऱ्याच्या मानाने किती सावळा होता हे त्याला माहीत असते. रंग देणाऱ्याने छटा पुरवायची आहे; उजळपणाला हात लावायचा असेल तर त्याला सबळ कारण हवे.

अशी कारणे दोनच, आणि ती दोन्ही छायाचित्रणाच्या तंत्रातली आहेत. पहिले कारण फिल्म. एकोणिसाव्या शतकातल्या कोलोडियन काचांना निळा आणि अतिनील प्रकाशच दिसत असे. हेरमान फोगेल यांनी 1873 मध्ये रंजकद्रव्य मिसळून काचेला हिरवाही दिसू शकतो हे दाखवले आणि त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा व फिल्म आल्या. त्यांनाही लाल दिसत नसे. लालासह सर्व रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक काच 1906 मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आली, पण जुनी ऑर्थो फिल्म पुढे कित्येक वर्षे वापरात राहिली. तपकिरी त्वचेतून सर्वांत जास्त परततो तो लाल प्रकाश. तोच फिल्मला दिसत नसेल, तर सावळा माणूस प्रत्यक्षापेक्षा बराच काळा उमटतो, ओठ काळे पडतात, चेहऱ्यावरचे डाग उठून दिसतात. गोऱ्या त्वचेवरही हा परिणाम होतो. पण सावळ्या त्वचेची मुळातली गडद छटा पार तळाला जाते आणि चेहऱ्याचा तपशीलच हरवतो.

छायाचित्र कोणत्या फिल्मवर घेतले हे क्वचितच लिहून ठेवलेले असते. महाराष्ट्रातल्या छायाचित्रांत मात्र त्याचा पुरावा बहुधा कपाळावरच असतो. कुंकू केसांइतके काळेभोर उमटले असेल तर फिल्म ऑर्थो असण्याची शक्यता मोठी. कुंकू केसांपेक्षा स्पष्टपणे फिकट, करडे असेल तर पॅनक्रोमॅटिक. सभा-मिरवणुकांच्या चित्रांत झेंड्याचा उपयोग होतो. काँग्रेसने 1931 मध्ये स्वीकारलेल्या चरखांकित झेंड्यात केशरी, पांढरा आणि हिरवा असे पट्टे होते. केशरी पट्टा हिरव्यापेक्षा ठळकपणे गडद दिसला तर फिल्मला लाल दिसत नव्हते असे मानायला हरकत नाही. त्याआधीच्या झेंड्यात मात्र वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल पट्टा होता. जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली 1923 मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला तो याच झेंड्यासाठी. त्या वर्षीच्या चित्रात केशरी रंग भरणे ही इतिहासाची चूक ठरते आणि फिल्मची परीक्षाही त्यावर फसते.

फिल्म ऑर्थो आहे असे ठरले, तर त्वचेपुरता मास्क करून मधल्या छटा थोड्या वर उचलणे रास्त आहे. किती उचलायच्या हे त्याच माणसाच्या दुसऱ्या, पॅनक्रोमॅटिक फिल्मवरच्या छायाचित्राशी ताडून ठरवावे. तसे छायाचित्र नसेल तर थोडक्यावर थांबावे.

दुसरे कारण उलट दिशेचे आहे. स्टुडिओत काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने हलके काम करण्याची पद्धत होती. निगेटिव्हवर पेन्सिलीचा थर चढला की छापील प्रतीत तेवढा भाग उजळतो. सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळे, देवीचे वण असे पुसले जात, आणि सगळा चेहराच एक-दोन छटा गोरा केला जाई. शिवाय छायाचित्राच्या दिवशी चेहऱ्याला पावडर असे. वर्ध्यातल्या, आर्वी-हिंगणघाटच्या किंवा कुठल्याही गावच्या घरात भिंतीवर टांगलेले आजी-आजोबांचे चित्र जवळून पाहिले, तर पुष्कळदा चेहरा उजळ आणि मांडीवरचे हात मात्र सावळे दिसतात. अशा वेळी खरे बोलतात ते हात. कान, मानेची बाजू, मनगट, पाऊल या जागांवर कारागिराची पेन्सिल सहसा पोहोचत नसे. वर्ण ठरवायचा तो तिथून, आणि चेहरा त्याच्याशी जुळवून घ्यायचा. ही उजळण्याची सवय जुनीच आहे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात स्टुडिओंमधून छायाचित्रावर हाताने रंग चढवण्याची कला देशभर बहरली. संस्थानिकांच्या चित्रांत दागिन्यांचे काम अप्रतिम आहे, पण चेहऱ्यावर जाड रंग चढल्याने खालचे छायाचित्र कित्येकदा दिसेनासे होते. पारदर्शक रंग पातळ हाताने लावणारे कारागीर मात्र मूळ छटा तशीच राखत, आणि आजच्या संगणकी रंगकामाचे खरे पूर्वज तेच आहेत.

सेवाग्रामच्या चित्रांत स्टुडिओची पेन्सिल नाही. तिथे प्रश्न उजेडाचा आहे. वर्ध्याचे अक्षांश सुमारे 20.7 अंश उत्तर. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य तिथे थेट डोक्यावर येतो. अशा उन्हात डोक्याचा माथा, खांदे आणि नाकाचा शेंडा पांढरे पडतात. डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालचा भाग काळोखात जातो. उघड्यावरच्या सावलीला प्रकाश देतो तो निळ्या आकाशाचा. सूर्यप्रकाशाचे रंगतापमान दुपारी 5500 केल्विनच्या आसपास असते, तर निरभ्र दिवशी सावलीत ते 7000 च्या वर जाते. त्यामुळे उन्हातली त्वचा सोनेरी-तपकिरी आणि सावलीतली किंचित निळसर दाखवावी लागते. ओसरीत आणि कुटीत हे पुन्हा बदलते. बापू कुटी मातीच्या भिंतींची, बांबूची आणि कवेलूंची; जमीन सारवलेली. दारा-खिडकीतून आलेला उजेड जमिनीवर आणि भिंतींवर आदळून चेहऱ्यापर्यंत पोहोचतो तो मातीची ऊब घेऊनच. तिथली सावली निळी रंगवली तर ती चुकीची ठरते. हनुवटीच्या आणि गालांच्या खालच्या बाजूला मातकट, उबदार छटा हवी.

या कुट्या आजही जपलेल्या आहेत, ही रंग देणाऱ्यासाठी मोठीच सोय आहे. त्याच ऋतूत, त्याच वेळी, करडे कार्ड समोर ठेवून आजच्या माणसांची संदर्भ-छायाचित्रे त्या ओसरीत घेता येतात. त्यातून वर्ण मिळत नाही, कारण माणसे वेगळी. पण उन्हातल्या कपाळात आणि सावलीतल्या गालात किती आणि कसा फरक पडतो हे मिळते. दुसरी सोय खादीची. आश्रमवासीयांच्या अंगावर पांढरी खादी असे. धुवट खादी पांढरी, कोरी खादी किंचित पिवळसर. चित्रातल्या खादीला आधी रंग द्यावा आणि मग त्वचेला, कारण शेजारचा पांढरा ठरला की त्वचा लाल झाली की हिरवट हे डोळ्याला लगेच कळते. खादी अतिशुभ्र केली तर मात्र तिच्याशेजारी प्रत्येक चेहरा मळकट वाटतो आणि रंग देणारा पुन्हा चेहरा उजळायला लागतो.

आश्रमात एकाच वर्णाची माणसे नव्हती. गावचे शेतकरी, गुजरातेतून आलेले कार्यकर्ते, सिलोनचे आर्यनायकम्, सरहद्दीवरचे खान अब्दुल गफारखान, इंग्लंडहून आलेल्या मीराबेन हे सारे एकाच अंगणात वावरले. 'भारतीय त्वचा' असा एकच तयार रंग सर्वांना लावला की ही विविधता पुसली जाते. मीराबेन यांच्या त्वचेत मेलॅनिन कमी असल्याने रक्ताची लाली थेट दिसेल आणि वर्ध्याच्या उन्हाने ती नाकावर, गालांवर वाढलेली असेल. सावळ्या शेतकऱ्याच्या गालावर तीच गुलाबी छटा लावली तर ती खोटी दिसते. त्याच्या गालात विटकरी किंवा तांब्याची छटा हवी, आणि तीही थोडीच. त्याच्या कपाळावर मुंडाशाची रेघ असते. वरचा भाग फिकट, खालचा रापलेला. बाह्यांखालचा हात आणि उघडा हात यांतही असाच फरक असतो. गांधीजी बराच काळ उघड्या अंगाने वावरत, म्हणून त्यांच्या छातीचा, खांद्यांचा आणि चेहऱ्याचा वर्ण बराचसा सारखा दाखवावा लागतो. त्यांच्या चित्रात चेहरा तपकिरी आणि अंग फिकट रंगवलेले दिसते तेव्हा शर्ट घालणाऱ्या माणसाची त्वचा त्यांना लावलेली असते.

विनोबा भावे यांच्या बाबतीत संदर्भ जास्त आहेत. ते 1938 मध्ये वर्ध्याजवळच्या पवनारला राहायला गेले आणि 15 नोव्हेंबर 1982 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले, म्हणजे रंगीत छायाचित्रांचा काळ त्यांनी पाहिला. तरीही उत्तरायुष्यातल्या चित्रावरून रंग उचलून 1940 च्या चित्राला लावणे धोक्याचे आहे. मधल्या काळात, 1951 पासून सुमारे तेरा वर्षे, ते भूदानासाठी देशभर उन्हातान्हात पायी चालले. शिवाय म्हातारपणी त्वचा पातळ आणि निस्तेज होते. जुने रंगीत छायाचित्रही स्वतः पूर्ण भरवशाचे नसते. त्यातली रंगद्रव्ये वेगवेगळ्या गतीने विरतात, त्यामुळे कित्येक रंगीत प्रती आज एकतर लालसर किंवा पिवळट झालेल्या आहेत. अशा प्रतीतले खादीचे किंवा पांढऱ्या दाढीचे ठिकाण तटस्थ करून मगच त्वचेचा रंग वाचावा.

त्वचेवरच्या खुणांबद्दल तर जास्तच जपायला हवे. कुष्ठरोगाने पीडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला राहिले आणि गांधीजी स्वतः त्यांना मालीश करत. त्या सेवेचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. कुष्ठरोगात त्वचेवर फिकट किंवा तांबूस चट्टे येतात. अशा चित्रातली विषम छटा 'डाग' समजून सरसकट गुळगुळीत करणे म्हणजे त्या छायाचित्राचा विषयच पुसणे. देवीचे वण, गोंदण, कामाने पडलेले घट्टे यांनाही हेच लागू आहे. प्रत फाटल्याचा, बुरशीचा किंवा ओरखड्याचा डाग वेगळा आणि माणसाच्या अंगावरची खूण वेगळी. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी भिंगातून दोन्हींचा निवाडा व्हावा.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात स्कॅनपासून होते. चित्र कृष्णधवल असले तरी स्कॅन रंगीत आणि 16 बिटचा करावा. 8 बिटमध्ये एका चॅनलला 256 पायऱ्याच मिळतात आणि गालावरच्या हळुवार उतारावर पट्टे पडू लागतात. पिवळे डाग असतील तर लाल चॅनलमध्ये ते कमीत कमी दिसतात. प्रत फिकट पडली असेल तर हरवत चाललेला तपशील बहुधा निळ्या चॅनलमध्ये जास्त उरलेला असतो. त्यावरून करडी प्रत तयार करून ओरखडे भरावेत. या टप्प्यावर कॉन्ट्रास्ट वाढवण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण सावल्या एकदा काळ्याठिक्कर झाल्या की सावळ्या चेहऱ्याला रंग धरायला जागाच उरत नाही.

रंगाचे थर मूळ चित्राच्या वर ठेवायचे. फोटोशॉपमध्ये 'कलर' नावाचा ब्लेंडिंग मोड, गिंपमध्ये 'एलसीएच कलर' हा मोड खालचा उजळपणा तसाच ठेवून फक्त छटा चढवतो. एकच तपकिरी रंग घेऊन संपूर्ण चेहऱ्यावर ब्रश फिरवणे ही नवशिक्याची पद्धत. तिने चेहरा लाकडी दिसतो. खऱ्या त्वचेत रंगाचा जोर मधल्या छटांत सर्वांत जास्त असतो, गडद सावलीत आणि चकाकीत तो घटतो. म्हणून उजळपणाच्या प्रत्येक पातळीला वेगळा रंग नेमून देणारा ग्रेडियंट मॅप वापरावा: तळाला काळपट तांबूस, मध्ये वर सांगितलेली सावळी किंवा गव्हाळ छटा, त्यावर किंचित पिवळसर, आणि टोकाला जवळजवळ रंगहीन. तेल लावलेल्या अंगावरची चकाकी हा तर थेट उजेडाचाच रंग असतो. गांधीजींना रोज तेलाचे मालीश होत असे; त्यांच्या डोक्यावरच्या आणि खांद्यावरच्या चकाकीत तपकिरी रंग मिसळला की ती चकाकी राहत नाही, डाग होतो.

हा पाया बसला की पाच-दहा टक्के अपारदर्शकतेच्या ब्रशने बारीक फरक भरायचे. खरे कसब इथे लागते. कपाळाला हाड जवळ असल्याने तिथे पिवळसरपणा जास्त. नाक, गाल, कान, बोटांची पेरे, कोपर आणि गुडघे यांत रक्ताची लाली. पुरुषांच्या हनुवटीवर दाढीच्या खुंटांमुळे निळसर-करडी छटा. डोळ्यांभोवती, विशेषतः भारतीय चेहऱ्यांत, जांभळट तपकिरी. ओठ गुलाबी नव्हेत. वरचा तपकिरी, खालचा थोडा अधिक तांबूस. तळहात आणि तळपाय अंगापेक्षा बरेच फिकट व गुलाबीसर. डोळ्यांचा पांढरा भाग कधीच शुभ्र नसतो, आणि तो शुभ्र केला की बाकी सारे बरोबर असूनही चेहरा बाहुलीसारखा दिसतो. त्वचेची कड कपड्याला आणि केसांना भिडते तिथे मास्क धारदार ठेवू नये. केसांच्या मुळाशी त्वचेचा रंग थोडा आत झिरपू द्यावा.

2016 पासून हे काम आपोआप करणाऱ्या प्रणाली आल्या. त्या वर्षी रिचर्ड झँग आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली प्रणाली सुमारे 13 लाख चित्रांवर शिकवलेली होती. 2018 मध्ये जेसन अँटिक यांचे डीओल्डिफाय आले आणि 2020 मध्ये फोटोशॉपमध्येच तशी सोय झाली. अशी प्रणाली नेहमीच्या चित्रांत कोणत्या आकाराला कोणता रंग असतो हे शिकते आणि नव्या चित्रात संभाव्य रंग भरते. तिला खात्री नसते तिथे ती मधला, फिकट तपकिरी रंग निवडते. शिकवणीच्या चित्रांत पाश्चात्त्य चेहरे जास्त असतील तर सावळा चेहरा गुलाबी किंवा राखाडी निघतो. चेहरा रंगतो आणि हात करडे राहतात; उघड्या छातीला ती कापड समजते; खादीत त्वचेचा रंग उतरतो. तरीही पहिला खर्डा म्हणून तिचा उपयोग आहे. तिने दिलेला रंग वेगळ्या थरावर घ्यावा, मोड 'कलर' ठेवावा म्हणजे उजळपणा मूळचाच राहील, आणि मग त्वचा हाताने दुरुस्त करावी. चेहरा 'सुधारणाऱ्या' प्रणाली मात्र ऐतिहासिक चित्रांपासून लांबच ठेवाव्यात. त्या अस्पष्ट चेहऱ्याच्या जागी स्वतःच्या कल्पनेतला नवा चेहरा बसवतात आणि सुरकुत्या पुसतात. 2021 मध्ये कंबोडियाच्या तुरुंगातल्या बळींच्या छायाचित्रांना रंग देताना काही चेहऱ्यांवर हसू आणले गेले. जगभर निषेध झाला आणि ती चित्रे मागे घेतली गेली.

शेवटची तपासणी आकड्यांनी आणि डोळ्यांनी, दोन्हींनी करावी. त्वचेवर ठिकठिकाणी आयड्रॉपर हे रंग वाचणारे साधन ठेवून लाल, हिरवा, निळा हा उतरता क्रम टिकतो का ते पाहावे. आकाशाचा उजेड पडलेली गडद सावली सोडून कुठे निळा हिरव्याच्या वर गेला तर छटा जांभळी झालेली असते. छपाईच्या शाईत हाच नियम असा वाचतात: पिवळा सर्वांत जास्त, मॅजेंटा त्याहून कमी, सायन सर्वांत कमी, वर्ण सावळा होत जाईल तसा सायन वाढतो. रंगाचे थर बंद-चालू करून चेहऱ्याचा उजळपणा तोच आहे ना हे बघावे. चित्र आरशातल्यासारखे उलटे केले की सवयीने न दिसणारी चूक दिसते. एका रात्रीच्या विश्रांतीनंतर पुन्हा पाहिले तर आदल्या दिवशीची लाली बहुधा जास्त वाटते, कारण तासन्‌तास एकाच चेहऱ्याकडे पाहून डोळा त्या रंगाला सरावलेला असतो. मॉनिटर मोजून जुळवलेला असावा. छपाईच्या लॅबमधले यंत्र अनेकदा स्वतःहून चेहरे उजळवते, म्हणून छापायला देताना आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवायला सांगावे आणि पहिली छोटी प्रत दिवसाच्या उजेडात, मूळ कृष्णधवल चित्राशेजारी धरून पाहावी. मूळ स्कॅन वेगळ्या फाइलमध्ये, कोणताही बदल न करता जपावा. रंगीत प्रतीखाली मूळ छायाचित्रकाराचे नाव आणि वर्ष लिहावे, रंग नंतर दिलेले आहेत हे नमूद करावे, आणि कुंकू, झेंडा, खादी किंवा हात यांपैकी कशावरून वर्ण ठरवला तेही एका ओळीत नोंदवावे, म्हणजे पुढे चांगला पुरावा हाती आला तर दुसऱ्या कोणाला तो दुरुस्त करता येईल.